अर्थ लागेना

नानांच्या गाडीचा डावा इंडिकेटर गेला, ही बातमी मला नानांनी सांगितली नाही. ती भिंतीवरून आली. आमच्या आणि नानांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांचा शेवगा आमच्याकडे वाकलाय आणि आमची कपड्यांची दोरी त्यांच्या खिळ्याला बांधलीय, त्यामुळे दोन्हीकडून भांडायची सोय नाही. रबाळ्यात अशा भिंती आता फार उरल्या नाहीत. जिकडेतिकडे चार-चार मजले चढले, आणि चौथ्या मजल्यावरून गप्पा होत नाहीत, फक्त बादली ओतली जाते.

तर सकाळी शेंगा काढता काढता वहिनींनी आमच्या हिला सांगितलं, आणि हिने चहाबरोबर मला.

"नानांची गाडी पासिंगवरून परत आली. डावीकडचा दिवा लागत नाही म्हणे. आणि शेजारी म्हणे वायरमन राहतो!"

शेवटचं वाक्य वहिनींचं की हिचं, ते विचारायची हिंमत झाली नाही. मी आयटीआयचा वायरमन, हे खरं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. मोटारी, स्टार्टर, पॅनल, चारशे चाळीस व्होल्ट, सगळं हाताखालून गेलं. पण गाडीचं वायरिंग हे वेगळं शास्त्र, असं सांगून मी आजवर अंग काढून घेत आलो होतो. नानांची गाडी म्हटल्यावर ते जमणार नव्हतं. त्याच गाडीतून आमचं सामान चाळीतून या घरात आलं, त्याच गाडीतून गावचे आंबे येतात, आणि दर गणपतीत गल्लीचा गणपती तीच गाडी नेते.

गाडी म्हणजे टाटाची ४०७. ही गाडी पहिल्यांदा आली १९८६ साली. तेव्हा बाजारात जपान्यांचा सुळसुळाट होता. स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, अशी एकेक जोडनावाची गाडी. नाना तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होते. ती जपानी नावं ते अजून घडाघडा म्हणतात आणि शेवटी हसून विचारतात, "यातली रस्त्यावर किती दिसतात, सांगा?" त्यांची स्वतःची गाडी बरीच नंतरची, २००४ ची. नंबर एमएच ०४, म्हणजे ठाण्याचा. हल्ली गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना एमएच ४३ लागतो, त्यामुळे ०४ म्हणजे जुनं घराणं, असं नानांचं म्हणणं. त्याच वर्षी ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. स्टेशनच्या कामाची खडी आपण टाकली, असं नाना सांगतात. गाडी २००४ ची आणि लोकलही २००४ ची, मग खडी कधी टाकली, हे मी कधी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

आता पासिंगचं. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं. आठ वर्षं झाली की दरवर्षी जायचं. म्हणजे नानांच्या गाडीची वर्षातून एकदा परीक्षा. परीक्षेच्या आधी नाना तिला न्हाऊमाखू घालतात. रंग मारतात, चिखलाची रबरं बदलतात, मागे-पुढे लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या डकवतात, पर्यावरण कराची पावती प्लास्टिकमध्ये घालतात. पोरीला बघायला पाहुणे यायचे असावेत तसं घर हलतं. यंदा एवढं सगळं करून गाडी गेली, तिथल्या साहेबांनी डावीकडे दांडी ढकलायला सांगितली, स्वतः मागे जाऊन उभे राहिले आणि नुसती मान हलवली. झालं. पुन्हा घेऊन या.

नाना चिडले ते साहेबांवर नाही. साहेबांचं बरोबर होतं, हे ते कबूल करतात. ते चिडले कारण गाडीत बसलेल्या माणसाला डावा बाण टकाटका लागताना दिसत होता. "आत लागतोय, म्हायर लागत नाय, असं कसं? चावट हाय का ती?"

त्या दिवसापासून भिंतीवर जत्रा भरली. इंडिकेटर ही अशी गोष्ट आहे की तिच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी माहीत असतं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, बल्ब गेला. बल्ब बदलला. एकवीस वॅटचा, पिवळ्या काचेचा. नवा बल्बही तसाच मेल्यासारखा. मग तिसऱ्या घरातले काका म्हणाले, फ्लॅशर. फ्लॅशर म्हणजे ती डॅशबोर्डखाली टिकटिक करणारी डबी. जुन्या डब्यांत धातूची पट्टी असायची. ती करंटने तापून वाकायची, गार होऊन सरळ व्हायची, आणि तिच्या त्या वाकण्या-सरळ होण्याचाच आवाज आपल्याला टिकटिक म्हणून ऐकू यायचा. आताच्या डबीत इलेक्ट्रॉनिक भानगड असते. काकांचा मुद्दा असा, की टिकटिक फार घाईची आहे. इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकला पाहिजे, आणि नानांचा डावा बाण ताप आल्यासारखा फडफडत होता. म्हणजे डबी बिघडली.

काकांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आणि निदान शंभर टक्के चूक. इलेक्ट्रॉनिक डबी घाई करते ती मुद्दाम. एका बाजूला जेवढे बल्ब असायला हवेत तेवढ्यांचा करंट गेला नाही, तर ती घाईघाईने टिकटिकते, म्हणजे ड्रायव्हरला कळावं की एखादा दिवा झोपलाय. शेजाऱ्याच्या कुत्र्यासारखं आहे ते. कुत्रं फार भुंकतंय म्हणून कुत्रंच बदललं, चोर तसाच. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या दिवशी मीही भिंतीवर कोपर टेकवून म्हणालो होतो, "हो नाना, फ्लॅशरच असणार." दीडशे रुपये गेले.

मग नाक्याकडच्या एका इलेक्ट्रिकवाल्याकडे गाडी गेली. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. त्याने अजून एक फ्लॅशर टाकला, वर 'स्विच गेलाय' म्हणून स्टिअरिंगखालचा अख्खा कॉम्बिनेशन स्विच बदलला. त्याचे पैसे ऐकून वहिनींनी भिंतीवरच्या शेंगा परत घेतल्या. म्हणजे आमच्यासाठी काढून ठेवलेल्या, त्या. राग कुणावर तरी निघायला हवा. स्विच नवा आला आणि उजवीकडचा इंडिकेटर आधी लागत होता तसाच लागत राहिला, डावीकडचा आधी रुसला होता तसाच रुसून राहिला. खरं तर इथेच कुणीतरी थांबायला हवं होतं. उजवी बाजू ठणठणीत आहे, म्हणजे डबी ठणठणीत, फ्यूज ठणठणीत, डबीपर्यंत येणारी तार ठणठणीत. दोन्ही बाजूंना पाणी एकाच टाकीतून येतं. एका घराच्या नळाला पाणी नाही म्हणून टाकी कोण बदलतं?

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा ऐरोलीला आयटीत आहे. त्याने मागच्या दिव्यात एलईडी बसवायला सुचवलं, आणि नानांच्या धाकट्याने ते रातोरात अमलात आणलं. आता एलईडीला करंट लागतो चिमूटभर. एकवीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो, एलईडी त्याच्या पासंगालाही नाही. डबीला वाटलं, उरलासुरला बल्बही मेला. टिकटिक इतकी वाढली की वहिनी म्हणाल्या, "शिलाई मशीन लावलीस का रं?" दुसऱ्या दिवशी एलईडी निघून पोराच्या बाइकला लागले. ते तिथेच शोभतात.

या सगळ्या काळात गाडी घरी बसून नव्हती. भाडं कोण बुडवणार? पासिंगची जुनी मुदत अजून बारा दिवस होती. ठाण्याकडून ठाणे-बेलापूर रस्त्याने आलं की एमआयडीसी डाव्या हाताला, पारसिकच्या डोंगराकडे. म्हणजे नानांचं प्रत्येक भाडं डावीकडे वळण्याचं. आणि डाव्या बाजूनेच घुसतात दुचाकीवाले. नाक्यावर सकाळी साडेआठला उभं राहून बघा, ४०७ आणि फुटपाथ यांच्या मधल्या हातभर जागेत तीन-तीन जण असतात. मग नानांनी जुना उपाय काढला. हात.

हाताच्या खुणा नानांना क्लीनर असल्यापासून पाठ. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर, आडवा, तळवा पुढे. थांबायचं तर हात कोपरातून वर. डावीकडे वळायचं असेल तर हात बाहेर काढून गोल फिरवायचा, घड्याळाच्या उलटा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात पुढे-मागे हलवायचा. शेवटच्या दोन खुणांत फरक काय, हे ज्यांनी त्या करत आयुष्य काढलं त्यांनाच दिसतं. नाना डावीकडे वळायला हात गोल फिरवत, आणि मागचा बाइकवाला समजे, काका पुढे बोलावतायत. तीनदा थोडक्यात वाचले. एकाने तर जाता जाता 'थँक्यू' म्हणून हात केला.

"कायद्यात हात चालतो," असं नाना भिंतीवर ठणकावून सांगत. चालतो, हे खरंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरने खुणा करायच्या म्हणून कलम आहे, आणि वळण्या-थांबण्याची खूण यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने केली तरी चालेल, असं त्यातच पुढे म्हटलंय. म्हणजे कायद्याच्या लेखी हात मुख्य आणि दिवा बदली कामगार. पण गाडीला जो दिवा बसवलाय तो पासिंगला लागलाच पाहिजे. हात दाखवून फिटनेस मिळत नाही.

शेवटी रविवारी सकाळी मी माझी जुनी पेटी काढली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. ही म्हणाली, "नीट बघा, नाक जाईल." तिला सगळ्यांत जास्त नाकाचीच काळजी.

गाडीच्या मागे उकिडवा बसलो. डावा दिवा उघडला, बल्ब काढला, होल्डरच्या आतल्या टोकाला मल्टीमीटरची लाल तार लावली. काळ्या तारेला चांगली लांब वायर जोडून घेतली होती, ती धाकट्याने थेट बॅटरीच्या मायनसवर धरली. "लाव रे इंडिकेटर!" मीटरवर बारा, शून्य, बारा, शून्य. सप्लाय येतोय! मी जाहीर केलं, तार ठीक आहे. बल्ब परत घातला. दिवा मेलेला. नाना माझ्याकडे बघत होते, वहिनी भिंतीजवळून, आणि आमची ही खिडकीतून. मला घाम फुटला.

इथे मीटर माणसाला फसवू शकतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. शंभर तंतूंची तार तुटून एक केसाएवढा तंतू उरला, तरी मीटरला बारा व्होल्ट दिसतात. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर हवेत, ते त्या केसातून येत नाहीत. म्हणून जुने मिस्त्री मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतात. एक बल्ब, दोन तारा, टोकाला चिमटा. खातो तो, म्हणून खरं बोलतो. मी माझ्या पेटीतला टेस्ट लॅम्प काढला. त्याचं एक टोक होल्डरच्या टोकाला आणि चिमटा त्याच लांब तारेला, म्हणजे थेट बॅटरीच्या मायनसला. दिवा झगझगीत लुकलुकला. म्हणजे येणारी वाट खरंच ठीक होती. मग गाडीचाच बल्ब त्याच जागी का लागत नाही?

मी मांडी घालून बसलो. तेव्हा भिंतीजवळून वहिनी बोलल्या. बोलल्या म्हणजे, पुन्हा बोलल्या.

"मी पयल्याच दिवशी बोलली व्हती. ह्ये रात्री गाडी मागं घेतात तवा मी टॉर्च घेऊन उभी असते. ब्रेक मारला की तो पिवळा दिवा पन मिणमिण लागतो. आनी डावीकडं वळायचं म्हनलं की उजवीकडचा लाल दिवा धकधक करतो. पन बायकांचं कोन ऐकतंय?"

नाना म्हणाले, "आगं, ते नजर लागल्यागत बोलली व्हतीस तू."

"नजरच व्हती ती. माझी. नीट बगितलं मी."

मी उभा राहिलो. "लाव रे ब्रेक!" डावा लाल लागला, आणि त्याच्या शेजारचा पिवळा राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजळला. आत डॅशबोर्डवरही डावा बाण मंद पेटला, असं धाकटा ओरडला. "आता सगळं सोड, नुसता इंडिकेटर!" डाव्या पिवळ्याने जेमतेम जीव धरला, आणि पलीकडे, उजव्या बाजूचा लाल दिवा त्याच तालावर धुकधुकू लागला. "पार्किंग लाव!" पार्किंग लावल्यावर डावा पिवळा अजूनच मंद.

वहिनींनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होतं. आणि अर्थ? अर्थच तर नव्हता.

हे जरा सांगायला हवं, कारण मलाही ते वयाच्या साठीत समजलं. घरात प्रत्येक दिव्याला दोन तारा जातात. एकीने करंट जातो, दुसरीने परत येतो. गाडीत जायची तार असते, यायची तार नसते. यायचं ते सगळं लोखंडातून. चेसिस, बॉडी, बोल्ट, हीच दुसरी तार. मिस्त्री तिला 'अर्थ' म्हणतात. आपल्या घरातल्या अर्थिंगशी तिचा संबंध नावापुरता. घरचं अर्थिंग धोक्याच्या वेळी कामाला येतं, गाडीच्या अर्थशिवाय साधा दिवा लागत नाही. नानांच्या मागच्या डाव्या डब्यात तीन फिलामेंट: लाल पार्किंग पाच वॅटचं, ब्रेक एकवीसचं, पिवळा एकवीसचा. तिघांना यायचा रस्ता एकच, तो डबा ज्या बोल्टने बॉडीला लागलाय तो बोल्ट. तो बंद झाला की करंट थांबून बसत नाही, शेजाऱ्यांच्या घरातून वाट काढतो. इंडिकेटरचा करंट पिवळ्यातून डब्यात आला, पुढे रस्ता नाही, म्हणून ब्रेकच्या आणि पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा गेला, त्यांच्या तारांनी उजव्या डब्यात पोचला, आणि तिथल्या लाल दिव्यातून खाली उतरला. म्हणून उजवा लाल धकधकला. एवढा वळसा घालून पिवळ्याच्या वाट्याला काय येणार? आणि पार्किंग लावलं की पार्किंगच्या तारेवर आधीच बारा व्होल्ट, मग तिकडून जायची वाटही बंद. दिवा अजून मंदावला. ब्रेकचंही तेच, फक्त उलट्या दिशेने: ब्रेकच्या फिलामेंटमधून पिवळ्यात, तिथून इंडिकेटरच्या तारेने पुढच्या डाव्या दिव्याकडे, वाटेत डॅशबोर्डचा बाण.

खात्री करायला एक मोजमाप पुरतं. इंडिकेटर चालू ठेवायचा, मीटरचं एक टोक डब्याच्या पत्र्यावर, दुसरं त्या लांब तारेने बॅटरीच्या मायनसवर. अर्थ चांगला असेल तर तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर पॉइंट एक-दोन. आमच्याकडे मीटर आठ-नऊपर्यंत उडी मारून खाली येत होता. पत्र्यावर नऊ व्होल्ट! ज्याला जमीन म्हणायचं तीच हवेत तरंगत होती.

मग तो बोल्ट खोलला. दहा नंबरचा पाना लावला तर पाना बसेना, कारण नटावर रंगाचा जाड थर. गेल्या पासिंगच्या आधी रंगाऱ्याने दिवा उतरवला, ब्रॅकेट आणि मागची पट्टी पुढून-मागून छान रंगवली, आणि रंगावरच दिवा परत कसला. डब्याचा पाय रंगावर, वॉशर रंगावर. वर्षभर तो जेमतेम टेकून होता तो बोल्टाच्या आट्यांवर. तिथे पावसाचं पाणी बसलं, वर खाडीची खारट हवा, आणि आट्यांत तांबूस गंज भरला. ज्या छोट्या पट्टीने होल्डर डब्याला जोडला होता, तिच्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी उगवलं होतं. नखाने खरवडलं तर भुकटी झाली. यंदाच्या पासिंगसाठी त्याच्यावर अजून एक हात मारलेला. म्हणजे परीक्षेसाठी केलेल्या मेकअपनेच पोरगी नापास झाली.

रंग पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं. दातांचा वॉशर घातला, तो कसताना रंग-गंज काय असेल ते चावत आत जातो. पण नुसत्या बॉडीवर मला विश्वास राहिला नव्हता. बॉडीच्या फळ्या लाकडाच्या, आणि त्यांच्या खालची लोखंडी पट्टी चेसिसला जिथे लागते तिथेही रंगच. म्हणून डब्याला लग मारून एक जाड काळी तार काढली आणि सरळ चेसिसला, घासलेल्या जागेवर, वेगळ्या बोल्टने बांधली. वर पेट्रोलियम जेली चोपडली. उजव्या डब्याला पण तशीच तार टाकली. नाना म्हणाले, "उजवीचा चालू हाय की." मी म्हटलं, असू द्या. आज चालू आहे.

आणि हो, एक गोष्ट राहिली, ती सांगताना अजून अंगावर काटा येतो. सगळं नीट करून फ्यूजबॉक्स उघडला, सहज. इंडिकेटरच्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. कधी, कोणी, कुणालाच आठवेना. नाना तर सिगारेट ओढत नाहीत, म्हणजे वहिनींसमोर ओढत नाहीत. फ्यूज जळतो तो तार जळू नये म्हणून. चांदी जळत नाही. तिच्या जागी तार जळते, तारेबरोबर टेप, आणि टेपबरोबर माल. मी रागावून बोललो, जरा जास्तच बोललो असेन, कारण नाना गप्प झाले आणि धाकटा धावत जाऊन दहा अँपिअरचा फ्यूज घेऊन आला. एक नाही, पाच. वहिनींनी तेवढ्यात चांदी उचलून पदरात बांधली. पुरावा.

"लाव रे!"

डावा पिवळा स्वच्छ लागला. मिनिटाला नव्वदच्या आसपास, शांत, जेवलेल्या माणसासारखा. उजवा लाल जागच्या जागी थंड. ब्रेक मारला तर पिवळ्याने ढुंकून पाहिलं नाही. मीटर पुन्हा पत्र्यावर लावला: पॉइंट शून्य आठ. आमच्या हिने खिडकीतूनच नाक असल्याची खूण केली.

फ्लॅशर दोन, स्विच एक, एलईडी जोडी, आणि इलेक्ट्रिकवाल्याची मजुरी, एवढा हिशेब वहिनींनी त्याच जागी, बोटांवर केला. माझा खर्च वॉशर, लग, हातभर तार आणि जेलीची डबी. त्यांनी रक्कम सांगितली नाही. नानांकडे बघितलं फक्त. संध्याकाळी भिंतीवरून शेंगांची जुडी आली, नेहमीच्या दुप्पट.

मंगळवारी पासिंग झालं. बुधवारी सकाळी मी दूध आणायला नाक्यावर उभा होतो आणि ठाण्याच्या बाजूने नानांची गाडी आली. डावा इंडिकेटर लांबून दिसत होता, टिक, टिक, पिवळाजर्द. मागचा बाइकवाला समजूतदारपणे थांबला. आणि गाडी वळता वळता ड्रायव्हरच्या खिडकीतून नानांचा हात बाहेर आला आणि गोल गोल फिरू लागला.

बाइकवाला लगेच डावीकडून पुढे घुसला.